पाळकसाहेबांच्या शेजारची जागा

चर्चच्या पाळकसाहेबांना पुरून आठवडा झाला, तेव्हा कबरस्तान सांभाळणारा म्हातारा तार्जेई टोपी हातात घेऊन त्यांच्या बायकोच्या, बोर्गहिल्डबाईंच्या दारात आला.

"बाई, आत्ताच विचारू नये, पण कबरीचा दगड दोघांचा एकच घडवायचाय. तुमची जागा त्यांच्या शेजारीच. फक्त दिशेचा घोळ आहे."

घोळ बाईंना ठाऊक होता. नॉर्वेहून आलेल्या पहिल्या लोकांनी या माळावर चर्च बांधलं, तेव्हापासून मेलेल्याला पूर्वेकडे तोंड करून पुरायचे. पाळकाला मात्र पश्चिमेकडे. जगाच्या शेवटच्या दिवशी मेलेले सगळे कबरीतून उठले, की पाळक आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या लोकांच्या, समोर उभा हवा. याआधी इथे पुरलेला एकुलता एक पाळक बिनलग्नाचा होता, त्यामुळे पाळकाच्या बायकोचं तोंड कुठे, हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

"मग काय ठरलं?" बाईंनी कॉफी ओतत विचारलं.

"तशा तुम्ही मंडळीतल्या, आमच्यासारख्याच. पण चर्चचे पंच म्हणाले, जन्मभर साथ दिलीत, तर तुमचंही तोंड त्यांच्यासारखंच, आमच्याकडे. चालेल ना?"

बाईंनी किटली खाली ठेवली. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांनी मोकळा श्वास घेतला.

"चालेल काय, पळेल."

तार्जेईचे डोळे भरून आले. "इतकी माया, बाई."

"माया कसली. जन्मभर पहिल्या बाकावर त्यांच्या नजरेसमोर प्रवचन ऐकत जांभया गिळल्या मी. आता तुम्ही गिळा."