सड्यावरचा कौल

“एवढ्यासाठी एम.एस्सी. केलंत?” शुभंकरनं मेलेल्या माशाची शेपटी धरावी तसा ग्लायडरचा पंख दोन बोटांत धरला. “आमच्या सोसायटीत आठवीतली पोरं उडवतात असलं.”

वैष्णवीनं ग्लायडर काढून घेतलं. मिरजोळ्याच्या वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर, उन्हं कलली होती. शुभंकर मुंबईहून तिला बघायला आला होता. चहापोहे झाल्यावर त्याला तिचं हे ‘वेड’ही बघायचं होतं.

“रॉकेटचं छोटं इंजिन ह्याला वर नेतं आणि सुटून पडतं,” ती म्हणाली. “मग हे एकटंच तरंगत येतं.”

“आणि हे काय चिकटवलंय?”

उजव्या पंखाच्या टोकाला वाटाण्याएवढा मातीचा गोळा होता.

“त्या वजनानं ते उजवीकडे वळतं. घिरट्या घालत इथंच उतरतं. नाहीतर सरळ समुद्रात.”

“छान. लग्नानंतर हे माळ्यावर. कॉलेजातलं शिकवणंही सुटेलच. आईकडे बघायला घरात कोणीतरी हवं.”

“होय तर,” मागे उभे असलेले वैष्णवीचे बाबा, अनिलराव, म्हणाले. “आठवडाभर आमच्या जेवणात फेव्हिकॉल न् भुसा. त्यापेक्षा पतंग केलान् असता, मांजा तरी उरला असता.”

 वैष्णवीच्या घरात देवाच्या कौलाबाहेर काही होत नसे. देवाला लावलेलं फूल उजवीकडचं पडलं की होय, डावीकडचं पडलं की नाही. तिच्या थोरल्या बहिणीचं, संस्कृतीताईचं लग्न उजव्या कौलानंच झालं होतं. गेलं वर्षभर ती माहेरी होती. बाबा तो विषय काढत नसत. कीर्तन मात्र एकही चुकवत नसत.

“उद्या देवळात कौल लावू,” बाबा म्हणाले. “उजवा आला की सुपारी फोडू.”

“काका, उद्या मला ऑफिस आहे.” शुभंकर हसला. “देवाला कशाला त्रास? ह्या खेळण्यालाच विचारा की. उजवीकडे वळलं तर लग्न. डावीकडे वळलं तर मी हा निघालो.”

बाबा आता भडकणार, असं वैष्णवीला वाटलं.

“चालेल,” ते म्हणाले. “कीर्तनात बुवा सांगतात, देव खांबातून निघाला. ह्या फळकुटाचं त्याला काय जड?”

“बाबा, अहो, ते नेहमी उजवीकडेच...”

“गप गो. देवाच्या कामात बोलू नये. जा, तुझं ते बटण सांभाळ.”

ती बटणाची वायर घेऊन लांब जाऊन बसली. बाबांनी देवळाकडे तोंड केलं, कपाळावरचा बुक्का अंगठ्यानं टिपून ग्लायडरच्या नाकाला लावला आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा...”

“होय म्हाराजा!” शुभंकर ओरडला आणि तोंड फिरवून हसत सुटला. बाबांनी ग्लायडर स्वतःच उडवायच्या उभ्या सळईवर चढवलं.

वैष्णवीनं डोळे मिटून बटण दाबलं.

सुर्रकन ते वर गेलं. इंजिन सुटलं, लाल फीत फडफडवत खाली आलं. ग्लायडर क्षणभर सरळ राहिलं. मग डावीकडे कललं. एक घिरटी, दुसरी. डावीकडेच.

“वारा असेल,” शुभंकर म्हणाला.

“वारा तरी कुणाचा हो?” बाबांनी हात जोडले. “त्याच्या शब्दापुढे आम्ही नाही जात.”

“अडाणी लोक!” शुभंकरनं गाडीचं दार आपटलं.

गाडी गेली, धुरळा बसला. “चल, कीर्तनाला उशीर होतोय,” म्हणत बाबा उतरणीला लागले.

वैष्णवीनं गवतातून ग्लायडर उचललं. उजव्या पंखाचं टोक मोकळं होतं. मातीचा गोळा डाव्या टोकाला होता, आणि त्यावर उमटला होता अंगठ्याचा ठसा, बुक्क्यानं काळा.