पडद्यावरचं फूल

संजीवनं बर्डीच्या बाजारातून रंगीत पडद्याचा मोबाइल आणला, तेव्हा सगळ्या गल्लीत तसा कोणाकडे नव्हता. त्यानं तो आधी बापाच्या हातात ठेवला. तांबड्या काठाची हिरवी लुगडी विणण्यात ईश्वरदासची हयात गेलेली. रंगाचं कौतुक त्याच्याशिवाय कोण करणार?

ईश्वरदासनं पडदा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"नुसता पालाच तर दिसून राहिला गा."

"अन् मधातलं लाल फूल, बाबा?"

"कुठी हाये फूल?"

मस्करी असेल म्हणून संजीव हसला. पण बाबांचं बोट खरंच फूल शोधत होतं, आणि फुलावरूनच फिरत होतं. तो आईकडे वळला.

"माय, मंग आजवरचे लुगडे…"

पुष्पलता कांड्या भरायचं सोडून ताडकन उठली. तांबड्या सुताची असो की हिरव्या, प्रत्येक कांडी लग्नापासून तिनंच नवऱ्याच्या हातात दिली होती. त्याला एकदाही स्वतः उचलू दिली नव्हती.

तिनं मोबाइल घेतला, नीट निरखला आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दुकानवाल्यानं फसवलं तुले, पोरा. कुठी हाये यात फूल?"