उखाण्याचा चहा

कुणाला खरं वाटणार नाही, पण एकाहत्तर साली संगमनेरच्या स्टँडसमोर मी नुसतं पुस्तक वाचून शेजारच्याचं हॉटेल बंद पाडलं. त्यानं रेडिओ आणला आणि माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली. मग वाचनालयातून धंदावाढीचं पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, गिऱ्हाइकाला नावानं हाक मारा. चहा मी करायचो, द्यायची बायको. तिला ताकीदच दिली, नाव घेतल्याशिवाय कप द्यायचा नाही. पहिलंच गिऱ्हाईक निघालं माझ्याच नावाचं, रंभाजी. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार? कपातला चहा निवायला लागला. शेवटी तिनं पदर सावरला आणि उखाणाच घेतला, “प्रवरेच्या पाण्याचा चहा केला ताजा, रंभाजीरावांनी घ्यावा, एवढा हट्ट माझा.” दुसऱ्या दिवशी नाशिकच्या गाडीतला प्रत्येक उतारू म्हणे मीच रंभाजी. शेजारचा मालकही रेडिओ बंद करून रांगेत उभा, तोही रंभाजी.

इथवर आलो, तर ओट्यावर मटकी निवडत बसलेली बायको मधेच म्हणाली, “थापा तरी किती माराव्यात मानसानं? दुसरा रंभाजी कुणी आलाच न्हवता. हॉटेल सगळं रिकामं हुतं, अन् तुमी पुस्तक मिटून तोंड पाडून बसला हुता. मला ते बघवंना, म्हनून मीच चहा केला, उखाणा घेतला अन् कप तुमच्या हातात दिला. तर तुमी म्हनला, साखर कमी हाय.”