व्हाळावरचा साकव

विश्राम पेडणेकरांची बायको शेवंती गेल्या श्रावणात व्हाळ ओलांडताना वाहून गेली. सडकेवर जायला वाडीला दुसरी वाट नव्हती. ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, मागून कितीतरी वर्षं झाली होती. पण दोन्ही काठांवर संरक्षित कांदळवन, त्यामुळे परवानगी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत राहिली. वाडीच्या वतीनं हेलपाटे घालायचे ते विश्रामच.

यंदा दिवाळीनंतर कार्यालयातून बोलावणं आलं. नवीन आलेल्या साहेबांनी त्यांना बसवलं, चहा मागवला.

"पेडणेकर, तुमचा साकव मंजूर झाला."

विश्रामांनी मांडीवरची अर्जांची पिशवी खाली ठेवली.

"तसं अवघडच होतं हो," साहेब म्हणाले. "पण गेल्या पावसात तिथं मनुष्यहानी झाली ना, म्हणून तातडीची बाब म्हणून वर मांडता आलं. नाहीतर अजून अडकलं असतं."

मनुष्यहानी म्हणजे कोण, हे साहेबांना माहीत नव्हतं. विश्रामांनी सांगितलं नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. चहा आला, तो सगळा प्यायले.

उन्हाळ्यात साकव बांधून झाला. नारळ फुटला, ढोल वाजले, सगळी वाडी हसतखेळत पलीकडे निघाली. विश्रामांनी काठावर चपला काढून हातात घेतल्या, लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला आणि ते पाण्यात उतरले.

"अरे विश्राम, आता साकव आसा मां!" वरून कुणीतरी ओरडलं.

"होय," ते म्हणाले आणि तसेच पाण्यातून चालत राहिले.