ताईच्या खुणा

कुमुद स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तेवढ्यात दार म्हणालं, "कुमुदताई आल्या," आणि कुलूप उघडलं. टेकवलेल्या बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तात घरच्या माणसाच्या पेशींच्या खुणा सापडल्या, तरच ते उघडायचं.

दारात धाकटा भाऊ नंदन उभा होता. तिनं दिलेली किडनी त्याच्या शरीरानं झिडकारली होती. ती काढून टाकल्यापासून तो तिला तोंड दाखवत नव्हता.

"मी नुसतं बोट टेकवलं गं, ताई," तो ओशाळला. "डॉक्टर म्हणालेच होते, माझ्या ज्या पेशी तुझ्या किडनीवर तुटून पडल्या, त्यांनीच तिच्या खुणा ओरबाडून अंगावर चढवल्यात."

कुमुदनं भाकरी उलटली.

"लहानपणी तरी वेगळं काय करायचास? मला मारायचास आणि माझाच स्वेटर हिसकावून घालून हिंडायचास. हात धू, जेवायला बस."