पाहुण्याचे ताट

"हे माझ्या आईचं घर!" दारात पाऊल टाकताच लुडविका म्हणाली. युद्धानंतर नव्या राजवटीने सरदारांच्या या हवेलीतून आईला लहानपणीच बाहेर काढले होते. पुढे इथे संग्रहालय झाले, आणि आई हा उंबरठा पुन्हा न पाहताच गेली.

"आधी बुटांवर हे लोकरी जोडे चढवा, जुन्या लाकडी जमिनीला ओरखडे नकोत," राखणदार बोझेनाबाई म्हणाल्या. "अहो, उन्हाळ्यात तीन राजपुत्रसुद्धा येऊन गेले. म्हणे आमचंच घर! एकालाही जिना सापडला नाही."

"मला सापडेल. मी तो रोज स्वप्नात चढते."

जेवणघरात दोरीपलीकडे नाताळचे मेज मांडले होते. प्रत्येक ताटात पातळ, पांढरी पापडी होती. ती घरच्यांनी एकमेकांच्या हातातून मोडून खायची असते. टोकाचे ताट, रीतीप्रमाणे, अवचित येणाऱ्या पाहुण्याचे. आणि त्याच्यासमोर उंच उशीची खुर्ची होती, लहानपणी आई बसायची ती, तिने वर्णन केली होती अगदी तशी.

बोझेनाबाई बाहेर गेल्या, तशी लुडविकाने दोरी ओलांडली. एवढा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. पाहुण्याच्या खुर्चीत बसून तिने पापडी उचलली आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे धरली.

"घरचीच आहे मी," ती पुटपुटली.

कट्.

तिच्या हातातल्या पापडीचा कोपरा गेला. पुन्हा कट्. मेजाभोवतीची एकेक खुर्ची आपला वाटा घेत होती.

मग उंच उशीसमोरची पापडी ताटातून अलगद वर आली, किंचित थरथरत, लहान मुलाने धरावी तशी, आणि तिच्यापुढे थांबली.

रीतीप्रमाणे आता मोडायची पाळी लुडविकाची होती.