विमानाचा प्रकार
बाबांनी गॅरेजमध्ये बांधलेल्या विमानाला स्वतःच ‘गरुड’ नाव दिलं होतं. लेक ते आज पहिल्यांदाच मोठ्या विमानतळावर उतरवत होती, बाबा शेजारी. “विमानाचा प्रकार?” रेडिओवर कंट्रोलरने विचारलं. बाबा कुजबुजले, “गरुड सांग. घरगुती म्हटलं की हसतात.” तिने तेच सांगितलं. नावावरून त्याला ते वेगवान वाटलं. “वेग वाढवा, मागे प्रवासी विमान आहे.” तिने इंजिनाचा जीव काढला, तरी वेगाचा काटा सरकेना. “अजून वाढवा!” त्याचा आवाज चढला. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. तिने माइकचं बटण दाबलं. “घरी बांधलेलं आहे. याहून जास्त पळणार नाही.” मग त्याने मागच्या विमानाला उतरू न देता पुन्हा वर पाठवलं. डोक्यावरच्या गर्जनेने काच थरथरली. उतरल्यावर बाबांनीच माइक घेतला. “साहेब, लपवायला मीच सांगितलं. पोरीला बोल लावू नका.”